पिवळाधमक

आमच्या घरची भाजी मी आणतो. बायकोला मंडईतली गर्दी सोसत नाही, आईच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले, त्यामुळे पिशवी माझ्याकडे आली ती कायमचीच. हळूहळू गोडीही लागली. भेंडीचं टोक कटकन मोडतंय का, दुधीत नख रुततंय का, वांग्याचं देठ हिरवंगार आहे का, मक्याचा दाणा दाबला की दूध निघतंय का, हे सगळं मी साग्रसंगीत करतो आणि गाळ्यावरच्या मावशींची बोलणी खातो. “दादा, भाजी घेताय का नवरी बघताय?” असं त्यांनी एकदा भर गर्दीत विचारलं होतं. तरी माझी निवड सुटली नाही. एकसारखी, डाग नसलेली, चकचकीत भाजी टेबलावर ओतली की घरच्यांनी ‘वा’ म्हणावं एवढीच अपेक्षा असते.

सेंद्रिय खाण्याचं वारं आमच्या घरात शिरलं ते सगळ्यांकडे शिरतं त्याच वाटेनं, म्हणजे मोबाइलमधून. सफरचंदावरचं मेण खरवडणारा चाकू, रंगाच्या बादलीत बुचकळलेले वाटाणे, इंजेक्शन घेणारा दुधी. शिवाय प्लास्टिकचा तांदूळ, जी शुद्ध थाप आहे. प्लास्टिक तांदळापेक्षा महाग पडतं एवढा हिशोब केला तरी कळतं. पण खऱ्याखोट्याची सरमिसळ झाली की भीती जास्त दिवस टिकते. मुलगी नुकती वरणभात खायला लागली होती. बायकोनं जाहीर केलं, यापुढे घरात येईल ते सेंद्रियच. पहिल्या महिन्याचं किराणाबिल आलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. तूरडाळ दीडपट, घाण्याचं तेल जवळपास दुप्पट. आणि गूळ? गुळासाठी थेट सासुरवाडीलाच जायला हवं.

सासुरवाडी पन्हाळा तालुक्यातली. बायकोच्या मामांचं तिथं गुऱ्हाळ आहे. दिवाळी झाली की चुलवाण पेटतं ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत विझत नाही. घाण्यातून पडणारा रस हौदात, हौदातून काहिलीत. खाली जाळायला त्याच उसाची वाळलेली चिपाडं. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात कुस्करतात आणि ते बुळबुळीत पाणी उकळत्या रसात ओततात. मग रसातली सगळी घाण त्या चिकटाला धरून मळी होऊन वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. थोडी चुन्याची निवळीही पडते. रस १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की काकवी, ११८ च्या आसपास गूळ. पण तिथं थर्मामीटर मी तरी पाहिला नाही. गुळव्या उलथन्याच्या टोकावरचा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर आपटतो. आवाज मनासारखा आला की काहील उतरायची. त्या एका टण्ण आवाजावर अख्ख्या आधणाचं भवितव्य.

मामांनी तपकिरी गुळाचा खडा हातावर ठेवला. “पाव्हणं, ह्यो घरचा.” तोंडात टाकला तर आधी उसाचा वास आणि मग किंचित खारट, दाट गोडी. पलीकडच्या वाफ्यात दुसरं आधण निवत होतं, पिवळंधमक, पाहताच मोहात पाडणारं.

“आणि तो?”

“त्यो मार्केटचा.”

कोपऱ्यात पांढऱ्या पावडरीचा डबा होता. गावात त्याला हायड्रॉस म्हणतात, रसायनाच्या पुस्तकात सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाचा रंग उडवायला ते वापरतात. आटत आलेल्या रसात टाकलं की तो डोळ्यांदेखत उजळतो. गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश किलोमागे ७० मिलिग्रॅमपर्यंत चालतो असा कायदा आहे, पण गुऱ्हाळात तराजू घेऊन कोण बसणार? तिथं मूठ हेच माप. गंमत म्हणजे ही उजळणीही उसनीच असते. काही आठवडे ठेवलेला पिवळा गूळ पुन्हा काळसर पडायला लागतो, तोवर तो गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेला असतो.

मी मामांना जरा जाब विचारल्याच्या सुरात विचारलं, कशाला टाकता मग? मामा अजिबात रागावले नाहीत. “काळ्या गुळाचा रवा न्हेला की अडत्या तोंड वाकडं करतोय. उजळाला दर, काळ्याला दया. मला दोन्ही करता येतंय, पाव्हणं. तुमा पुण्या-मुंबईच्या मानसास्नी आन गुजरातच्या गिऱ्हाइकाला उजळ पायजे, म्हून ही पावडर.” कोल्हापूरच्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यात पुण्या-मुंबईला मामांनी स्वतःहून बसवलं होतं.

गोडी वाढवायला किंवा चव आणायला हायड्रॉसचा काही उपयोग नाही. ते घालतात फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. परतीच्या एसटीत हेच डोक्यात घोळत राहिलं, आणि तेव्हापासून मंडईत शिरलो की प्रत्येक गाळ्यावर मला तोच डबा दिसायला लागला.

हळद घ्या. हळकुंडाला झळाळी यावी म्हणून पॉलिशच्या पिंपात फिरवतात, तिथपर्यंत ठीक. पण त्या पिवळ्यासाठी लेड क्रोमेट चोळण्याची भेसळही आपल्या उपखंडात सापडलेली आहे, आणि त्यातलं शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं. आंबा घ्या. पेंढ्याच्या अढीतला हापूस आपल्या मर्जीनं पिकतो, एक आज, दुसरा चार दिवसांनी, देठाजवळ थोडा हिरवा राहिलेला. पण पेटी उघडली की सगळे एकाच दिवशी एकसारखे पिवळे दिसायला हवेत, म्हणून बंदी असूनही कार्बाइडच्या पुड्या. रीतसर पिकवण्यासाठी इथिलीन वायूची परवानगी २०१६ पासून आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फळ स्वतःही तोच वायू सोडत असतं. फ्लॉवर घ्या. गड्डा उन्हानं पिवळट पडू नये म्हणून शेतकरी त्याचीच पानं त्याच्यावर बांधून ठेवतात. यात विष काहीच नाही, पण एकेका गड्ड्यामागे एकेका माणसाचं वाकणं आहे, आणि तेही आपल्याला पांढराशुभ्र हवा म्हणून.

द्राक्षांची गोष्ट आणखी बोलकी. नाशिककडचा बागाईतदार निर्यातीसाठी माल काढतो तेव्हा त्याच्या बागेचा नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधांचे अंश तपासले जातात, बागेची नोंद २००६ पासून सुरू झालेल्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर असते. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि बागाईतदारांचं कंबरडं मोडलं. म्हणजे तिकडचा गिऱ्हाईक कागद मागतो. इकडे मी गाडीवर उभा राहून काय मागतो? एक मणी तोंडात टाकून ‘गोड आहेत ना?’ विचारतो आणि लांब मणी बघून घड उचलतो. ती लांबी, ती फुगवण, मोठ्या अंशी जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवून आलेली असते. जीए हे वनस्पतीतच असणारं संजीवक, त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. मात्र भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांसाठीच्या फवारण्या चालूच असतात, आणि शेवटची फवारणी ते काढणी यात किती दिवस गेले हा खरा प्रश्न असतो. तो मी कधी विचारलेला नाही. विचारला तरी गाडीवाल्याला उत्तर माहीत असण्याचं काही कारण नाही.

आता वांगं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण भरली वांगी हा आमच्या घरातला नाजूक विषय आहे. भरायला वांगं लहान, गोल, काटेरी देठाचं आणि मुख्य म्हणजे बिनछिद्राचं लागतं, असा आईचा दंडक. वांग्याला शेंडे आणि फळं पोखरणारी अळी लागते. पतंग अंडी घालतो, अळी बाहेर येते आणि थोड्याच वेळात कोवळ्या शेंड्यात नाहीतर फळात घुसते. एकदा आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणं कठीण. म्हणून ती घुसायच्या आधी गाठायची, आणि ती कधी घुसेल याचा नेम नाही, म्हणून फवारणीवर फवारणी. वांग्याइतका औषधाचा मारा फार थोड्या भाज्यांना सोसावा लागत असेल. जालन्याच्या महिकोनं याच अळीवर उतारा म्हणून बीटी वांगं आणलं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं ते स्थगित केलं, त्यावरून झालेली भांडणं अजून मिटलेली नाहीत. सेंद्रिय शेतकरी मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारे कामगंध सापळे लावतो, सुकलेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट करतो, निंबोळी अर्क मारतो, आणि तरीही त्याच्या पाटीत काही वांगी भोकं पडलेली असतातच.

आणि त्या भोकाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अळी आत शिरते ते छिद्र बारीक असतं आणि बुजून जातं. आपल्याला ठसठशीत दिसतं ते बहुतेक वेळा तिचं बाहेर पडण्याचं भोक. ती मोठी होऊन निघून गेलेली असते. म्हणजे भोकाचं वांगं बघून आपण नाक मुरडतो तेव्हा पाहुणी केव्हाच गेलेली असते, आणि गुळगुळीत वांग्यात ती पाय पसरून बसलेली असू शकते. हे आईला सांगितल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय तिथंच मिटवला. भोकाची वांगी आमच्याकडे आता चिरून रश्श्यात जातात. भरायला मात्र अजून निवडूनच.

आईचं या सगळ्यावर म्हणणं असं की पूर्वीचं सगळं शुद्ध होतं हे कुणी तुम्हाला सांगितलं? तिच्या लहानपणी धान्याच्या कोठीला गॅमेक्झिन या कीटकनाशकाची पावडर लागायची, पाऱ्याच्या टिकड्या टाकायचे, आणि ते धान्य पाखडून, निवडून तेच जेवायचं. कडुनिंबाचा पाला आणि बिब्बाही असायचे, पण पावडर स्वस्त आणि हमखास. तिला जुन्या काळाचे गोडवे गायला आवडत नाहीत. त्या काळाची तिला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे घरी रांधलेलं ताजं अन्न. आणि इथं सून आणि सासू यांची युती होते, मी एकटा पडतो.

बाजारानं आपल्या डोळ्यांची नवी खोडही लगेच ओळखली. पुण्यातल्या दुकानांत आता काळा गूळ पिवळ्यापेक्षा महाग मिळतो. काळा म्हणजे सेंद्रिय असं समीकरण बसलंय म्हटल्यावर जास्त आटवून करपवलेला, जुना पडलेला, साखर मिसळून केलेला गूळही काळा दिसला की खपतो. शिवाय ‘केमिकल-फ्री’ आणि सेंद्रिय यांत फरक आहे. हायड्रॉस न घालता केलेला गूळ भरमसाट युरिया दिलेल्या उसाचा असू शकतो. उसाला नत्र जास्त झालं तर गूळ रंगाला उतरतो आणि टिकायलाही कमी, मग पुन्हा तो डबा आठवतो. रंगाकडे बघून पारख करायची नाही म्हटलं तर मग कागदच बघावा लागतो.

कागदांत मी जरा डोकं घातलं. पाकिटावर ‘जैविक भारत’चं हिरवं चिन्ह असेल तर त्यामागे दोनपैकी एक पद्धत असते. एक एनपीओपी, ज्यात बाहेरची संस्था येऊन शेत आणि नोंदी तपासते. दुसरी पीजीएस, ज्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. त्यात बदलाच्या वाटेवरच्या मालाला पीजीएस-ग्रीन म्हणतात. पहिल्या पद्धतीत हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतरणाचा काळ काढावा लागतो. या काळात औषध बंद, उत्पन्न बहुधा घटलेलं, आणि माल मात्र सेंद्रियच्या भावानं विकता येत नाही. लोक म्हणतात सेंद्रिय एवढं महाग का. या मधल्या वर्षांचा हिशोब मांडला तर उत्तराचा मोठा भाग तिथंच सापडतो. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असणारा छोटा शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे, फक्त ते हिरवं चिन्ह त्याला वापरता येत नाही. म्हणजे आठवडे बाजारात बसलेल्या माणसाकडे चिन्ह नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि फळ्यावर खडूनं ‘सेंद्रिय’ लिहिलंय म्हणून खराही ठरत नाही. तिथं तीन प्रश्न विचारायचे. कुठली जमीन, मावा पडला की काय मारता, शेजारच्या शेतातली फवारणी उडून येते त्याचं काय करता? जो या शेवटच्या प्रश्नावर वैतागून शेजाऱ्याबद्दल बोलायला लागतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

दुकानातल्या सेंद्रिय फळीवर माझा राग वेगळा आहे. तिथं निम्मी जागा बिस्किटांनी अडवलेली. सेंद्रिय मैद्याचं, सेंद्रिय साखरेचं बिस्किट हे बिस्किटच. साखर कुठल्या उसाची होती ते दाताला कळत नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून नाचणीच्या नावानं काय काय विकतात ते बघावं. पाकीट उलटं करून वाचलं तर नाचणी यादीत तिसरी-चौथी निघते. आमच्या मुलीला ती चॉकलेटी बिस्किटं आवडतात आणि आजीची नाचणीची आंबील आवडत नाही. आंबिलीत ताक आणि जिरं घालून, वर लसणाची फोडणी दिली तर निम्मा पेला जातो. पूर्ण पेला अजून जात नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक हेही डोळे झाकून मानू नये. घाण्याचं शेंगदाणा तेल आम्ही घेतो, चवीला त्याला तोड नाही. पण बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, जे कुठल्याही कारखान्यात न बनता यकृताची वाट लावतं. रिफाइंड करताना ते बऱ्याच अंशी निघून जातं, घाण्याच्या तेलात उतरू शकतं. म्हणून घाणेवाल्याचे दाणे आधी हातात घेऊन बघतो. माझ्या निवडखोरीचा तेवढा तरी उपयोग.

आता पैसा. सगळंच सेंद्रिय घेणं आम्हाला परवडत नाही आणि मध्यमवर्गातल्या बहुतेकांना परवडत नसावं. आम्ही ठरवलं ते असं, की रोज पोटात जाणारं आधी. डाळ, ज्वारी, गूळ, तेल, पालेभाज्या. सालीसकट खायची फळं भाज्या जमतील तशा. केळी, नारळ, मटार नेहमीच्या गाळ्यावरून. धुण्याचं म्हणाल तर वाहत्या पाण्यात खळखळून धुवावं, त्यानं वरवरचं बरंच जातं. आंतरप्रवाही औषध मात्र झाडाच्या रसातून फळात उतरलेलं असतं, ते मिठाच्या पाण्यानं निघत नाही.

या सगळ्या चर्चेत आपण आपल्याच पोटाभोवती घोटाळत राहतो, याची एक टोचणी लागून राहते. औषधाचा पहिला घोट ताटावर बसलेला माणूस घेतच नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पीक कपाशीचं होतं, भाजीसारखं थेट कुणाच्या ताटात यायचं नव्हतं. पण पाठीवर पंप अडकवून उघड्या तोंडानं वांग्यात उतरणारा माणूस निराळा नसतो. माझ्या ताटातल्या वांग्यावर औषधाचा अंश राहतो, त्याच्या अंगावर मात्र अख्खी फवारणी येते.

सध्या आमच्या सोसायटीतली काही घरं मिळून शिरूरकडच्या एका शेतकऱ्याकडून आठवड्याची पेटी घेतात. पीजीएस गटातला आहे तो. भाव तीन महिन्यांसाठी ठरलेला, आणि अट एकच. निवडायचं नाही. त्या आठवड्यात शेतात जे असेल ते, वाकडं, बारकं, भोकाचं, सगळं. माझ्यासारख्याला ही शिक्षाच, पण मंडईचा शौक इतर भाज्यांवर भागवतो. सुरुवातीला ग्रुपवर रोज कुणीतरी अळीचा फोटो टाकायचं. दोन घरं गळाली. बाकीच्यांत आता भांडण होतं ते कुणाच्या पेटीत कारली जास्त आली यावरून. मुलगी पेटी उघडायला धावते, तीन पायांचं गाजर निघालं की ते तिचं, आणि ते ती खातेसुद्धा. दुकानातलं सरळ गाजर मात्र तिला अजून पटत नाही.

पावसाळ्यात पेटीत घोळ, तांदुळजा, पाथरी यांच्या जुड्या यायला लागल्या. खुरपायला आलेल्या बायका घरी नेतात ती तणातली भाजी. तणनाशक मारलं की ही भाजीही जाते, म्हणून फवारलेल्या रानात ती मिळत नाही. लोकांनी आधी विचारलं हा पाला कशाला टाकला. आईनं सगळ्यांच्या जुड्या गोळा करून घोळीची पातळ भाजी केली, डाळ घालून, आणि वाट्या वाटल्या. पुढच्या आठवड्यापासून मागणी वाढली आणि फुकटच्या जुडीला दहा रुपये लागले.

आईला हे मुळीच पटलं नाही. तिनं सरळ शेतकऱ्याला फोन लावायला सांगितलं. “अरे, तणाचे कसले पैसे घेतोस?”

“आजी, तणनाशक मारलं असतं तर एका दिवसात मोकळा झालो असतो,” तो म्हणाला. “त्याच्याऐवजी पाच बाया लावल्यात खुरपायला. त्यांचा रोज कुठनं काढू?”

आई थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं त्याला एक जुडी वाढवून सांगितली, आणि पैसे माझ्याकडून घ्यायला.